ओपन इलेक्टिव्हला हवामान आणि पर्यावरणाचा कोर्स घेतला, घेण्यासारखा आहे का?

गल्लीतली तीन-चार पोरं आणि माझी मावसबहीण, सगळ्यांचा एकच प्रश्न, ओपन इलेक्टिव्हला काय घेऊ, तू घेतलेलास तेच घेऊ का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो, लांब होईल पण निवांत वाचा. मी बीकॉमचा. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला हा कोर्स घेतला, हवामान, परिसंस्था आणि पर्यावरणातले बदल असा विषय, अगदी सुरुवातीच्या पातळीचा, बारावीला सायन्स नसलं तरी चालतं. कॉलेज कोल्हापुरातलंच, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं तक्रारी पण आहेत.

आधीच सांगून टाकतो, घ्या. फक्त घेण्याआधी ऑफिसात विचारा की शिकवणार कोण आहे. का ते शेवटी लिहिलंय.

एक गोंधळ आधी काढतो. हा तो कंपल्सरी ईव्हीएसचा, म्हणजे पर्यावरण अभ्यासाचा, पेपर नव्हे. तो सगळ्यांनाच असतो, १९९१ ला सुप्रीम कोर्टाने पर्यावरण शिकवलंच पाहिजे असा आदेश दिला त्यातून पुढं तो सगळीकडे आला, आणि त्याचं आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, वरचं पान बदलून द्यायचा. हा वेगळा, पूर्ण सेमिस्टरचा, आठवड्याला तीन लेक्चर आणि शनिवारी प्रॅक्टिकल. शनिवारची सुट्टी जाते हे खरं, पण कोर्सचा जीव त्या शनिवारातच आहे.

पहिलं लेक्चर माझ्या चांगलं लक्षात आहे. मॅडमनी फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिले, उणे १८ आणि १५. सूर्याकडून जेवढी उष्णता येते तेवढ्यावर हिशोब केला तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ डिग्री निघतं, आणि प्रत्यक्षात आहे १५ च्या आसपास, तर मधले ३३ कुठून आले ते सांगा. वर्गात कुणालाच येईना. मग त्यांनी वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे सगळं काढलं, की ऊन आत येतं पण जमिनीतून परत जाणारी उष्णता हे वायू धरून ठेवतात. आम्ही कुंभार, मला एकदम आमची मडक्यांची भट्टी आठवली. आबा सांगायचे की आव्यावर पेंढा, राख आणि मातीचा थर नीट बसला तर आतली आच टिकते, थर जाड झाला तर मडकी करपतात, पातळ राहिला तर कच्ची राहतात. लाकूड तेवढंच, थरावर सगळं. मी हे वर्गात बोललो तर मॅडम म्हणाल्या की आव्यात थर गरम हवा अडवतो आणि आकाशात वायू उष्णतेचे किरण शोषतात, एवढा फरक ध्यानात ठेव, बाकी हिशोब बरोबर आहे. मला तो फरक सांगितलेला फार आवडला, नाहीतर आपण उदाहरण दिलं की शिक्षक छान छान म्हणून पुढं जातात.

इतिहास पण भारी सांगितला. युनिस फूट नावाच्या एका अमेरिकन बाईने १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापते हे दाखवलं. मग त्याच विषयावर १८५९ ला टिंडल आणि १८९६ ला अऱ्हेनियस हे शास्त्रज्ञ, म्हणजे हे सगळं आत्ता कुणीतरी काढलेलं खूळ नाही, शाहू महाराज गादीवर बसले त्याच्या आसपास लोकांनी याची गणितं मांडून ठेवली होती. आम्ही पण बाटल्यांचा तसलाच प्रयोग केला, दोन बाटल्या, दोन थर्मामीटर, एकीत व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून वायू केला, वर बल्ब. फरक आला पण अगदी थोडा, आणि मॅडमनीच सांगितलं की या बाटलीवरून आकाशाचं काही सिद्ध होत नाही, खरा पुरावा उपग्रहांच्या मोजमापात आहे, पृथ्वीवरून बाहेर जाणाऱ्या किरणांच्या आलेखात १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या जवळ मोठा खड्डा दिसतो तो कार्बन डायऑक्साइडने खाल्लेल्या उष्णतेचा. स्वतः करून दाखवलेल्या प्रयोगाची मर्यादा स्वतःच सांगणारा शिक्षक मी तरी पहिल्यांदा बघितला.

मग तो कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञाचा आलेख. हवाई बेटावर मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात, सुरुवातीला दहा लाख भागांत ३१५ होता, आता ४२० च्या वर. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी २८० होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले तर गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या आसपासच्या वर कधी गेला नव्हता. आकडे पाठ होतात, पण मला लागलं ते आलेखाच्या रेषेतले दात. रेषा सरळ चढत नाही, दर वर्षी थोडी खाली येते आणि परत वर जाते. कारण उत्तर गोलार्धात जमीन जास्त, झाडं जास्त, उन्हाळ्यात पानं फुटली की ती वायू ओढून घेतात, थंडीत पानं गळून कुजली की परत सोडतात. म्हणजे सगळ्या पृथ्वीचा श्वास एका डोंगरावर मोजता येतो. त्या दिवशी घरी जेवताना मी हे सांगितलं तर आई म्हणाली परत सांग.

आता आपल्या जिल्ह्याकडं येतो. पावसाच्या युनिटला मॅडमनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांचा पाऊस वाटून दिला, ज्याने त्याने आपल्या तालुक्याचा आलेख काढायचा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आत. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढताना गार होतात, तिथंच रिकामे होतात, आणि पलीकडं उतरताना हवा परत तापते म्हणून शिरोळला आभाळ येतं पण पाऊस पडत नाही. शाळेत पर्जन्यछाया हा शब्द पाठ केलेला, पण सगळ्यांचे आलेख एका ओळीत भिंतीला लावले तेव्हा तो पायऱ्या उतरावा तसा उतरत गेलेला दिसला. आणि गंमत अशी की पाऊस नसलेल्या शिरोळला पूर सगळ्यात जास्त दिवस राहतो. हे का, हा प्रश्न घेऊन तीन आठवडे गेले.

पुराबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. आमचं घर शाहूपुरी कुंभार गल्लीत, गणपतीचं काम पणजोबांपासून. २०१९ ला मी आठवीत होतो. गणपती २ सप्टेंबरला होते आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं. पंचगंगा इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेली. आमच्याकडं नदी थेट येत नाही, जयंती नाला उलटा येतो. पप्पांनी आणि काकांनी रात्रभर मूर्ती माच्यावर चढवल्या, जेवढ्या चढल्या तेवढ्या. पाणी उतरल्यावर आत गेलो तर प्लास्टरच्या मूर्ती फुगून रंग सुटलेल्या अशा तरी होत्या, शाडूच्या खालच्या फळ्यांवर नुसता चिखल होता, हातपाय काही नाही. आज्जी तो चिखल गोळा करून परत पोत्यात भरत होती. २०२१ ला जुलैत परत तेच. तर आमच्या घरात पूर म्हणजे देवाची इच्छा किंवा मग कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण, या दोन्हीतलं एक, तिसरं कारण मी कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी पुराचा हिशोब मांडायला लावला, आणि मी कॉमर्सचा असल्यामुळे मला तो लगेच पटला, जमा किती, खर्च किती, शिल्लक कुठं साठली. जमेला पाऊस, तो पण घाटातला, आपल्या अंगणातला नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्या नद्या घाटातून तीव्र उतारावरून येतात आणि प्रयाग चिखलीला एकत्र होतात, तिथून पुढं जमीन जवळजवळ सपाट, त्यामुळं पाणी वेगाने येतं आणि सावकाश जातं. राधानगरी धरण भरलं की शाहू महाराजांच्या त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, सात आहेत, त्यांना कुणी थांब म्हणू शकत नाही. पुढं नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कृष्णा आधीच कोयनेच्या आणि वारणेच्या पाण्याने फुगलेली असेल तर पंचगंगेला आत जायला जागाच नसते, ती मागं थोपते. शिरोळ त्या कोपऱ्यात आहे म्हणून पाऊस नसताना बुडतं. मग नदी मागं थोपली की जयंती नाल्याला तोंड राहत नाही आणि तो आमच्या गल्लीत शिरतो. एवढं साधं आहे, पण वीस वर्षं त्या गल्लीत राहून मला कुणी सांगितलं नव्हतं.

अलमट्टीवर वर्गात भांडणच झालं, शिरोळची दोन पोरं आणि करवीरची चार, आवाज वाढले. मॅडमनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा २०२० चा अहवाल काय म्हणतो ते वाचून यायला सांगितलं. त्यात मुख्य बोट अतिवृष्टीवर आणि नदीच्या पात्रात, पूररेषेत झालेल्या बांधकामांवर आहे, अलमट्टीच्या फुगवट्यावर नाही. शिरोळच्या पोरांना ते पटलं नाही, त्यांनी उलट मुद्दे आणले, आणि त्यांचं ऐकूनही घेतलं. मला वाटतं कोर्सातला सगळ्यात चांगला तास तो. मी त्या दिवशी पूररेषेचा नकाशा पहिल्यांदा नीट बघितला, निळी रेष आणि लाल रेष, आणि ओळखीची किती घरं, किती हॉल, किती पंप रेषेच्या आत आहेत ते बोट ठेवून मोजलं. पुरात सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा करणारी केंद्रंच पाण्याखाली, हे २०१९ ला आपण सगळ्यांनी भोगलंय, टँकरच्या रांगेत मी पण उभा होतो.

मग यात हवामान बदल कुठं? तिथं पण मॅडम फार जपून बोलल्या. हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, हे भौतिकशास्त्र आहे, त्यामुळं पाऊस येतो तेव्हा जास्त जोरात येऊ शकतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ ला मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. पण लगेच सांगितलं की हा पट्टा मध्य भारताचा आहे, तो जसाच्या तसा कोल्हापूरला चिकटवू नका, आणि एकाच पुराकडं बोट दाखवून हा हवामान बदलाचाच असं कुणी म्हणत असेल तर त्याला हिशोब विचारा. पाऊस वाढायची शक्यता वेगळी आणि पाणी घरात शिरण्याची कारणं वेगळी, दोन्ही एकावर एक बसतात. आपल्याकडं हे दोन टोकांचे लोक आहेत, एक म्हणतात सगळं ग्लोबल वॉर्मिंगमुळं आणि एक म्हणतात काही बदललेलं नाही, पूर १९८९ ला पण आला होता. मी आता दोघांशी पण बोलू शकतो, आणि आवाज न चढवता.

परिसंस्थेचं युनिट सुरुवातीला कंटाळवाणं वाटलं. अन्नसाखळी, अन्नजाळं, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा जाते, हे सगळं शाळेत झालेलं. पण एका शनिवारी आम्हाला रंकाळ्यावर सकाळी सहाला बोलावलं आणि त्याच दिवशी दुपारी तीनला परत. दोन्ही वेळी त्याच जागेवरून पाणी घेऊन त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, जागेवरच दोन केमिकल घालायची, तपकिरी गाळ बसतो, मग लॅबमध्ये ऍसिड, मग स्टार्च घातल्यावर निळं होतं आणि थेंब थेंब थायोसल्फेट सोडत निळा रंग गेला की आकडा लिहायचा. माझ्या हातून पहिल्या दोन बाटल्या वाया गेल्या, तिसरी बरोबर आली. आणि सकाळचा आकडा दुपारच्यापेक्षा चांगलाच कमी. कारण रात्रभर पाण्यातली शेवाळं, वनस्पती, मासे, जिवाणू सगळे ऑक्सिजन खातात आणि तयार कुणीच करत नाही, दिवसा ऊन आलं की शेवाळं परत भरतात. म्हणून तळ्यात सांडपाणी जास्त आलं, खत मिळून शेवाळं आणि जलपर्णी माजली, की मासे मरतात ते बहुतेक वेळा पहाटे मरतात. आपण सकाळी फिरायला गेलो की काठाला मेलेले मासे दिसतात ते त्यामुळं, आणि लोक म्हणतात रात्री कुणीतरी विष टाकलं. कधी टाकलं पण असेल, पण आधी मोजून बघा. मी लहानपणापासून रंकाळ्यावर जातो, पण ते तळं श्वास घेतं हे त्या दिवशी कळलं.

उसावर एकच लेक्चर झालं पण ते विसरणार नाही. उन्हातून अन्न करायची झाडांची नेहमीची एक रीत असते, भाताची ती आहे. उसाची रीत वेगळी, तिला सी-फोर म्हणतात, आणि ती माणसाला कळलीच मुळी उसामुळं. हवाईत उसावर काम करणाऱ्यांना आधी विचित्र आकडे दिसले आणि मग ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ ला तो मार्ग मांडला. ऊस कार्बन डायऑक्साइड आधीच गोळा करून आत दाबून भरतो, त्यामुळं कडक उन्हात तो भातापेक्षा सरस ठरतो, पण हवेत वायू वाढला तर भाताला जेवढा फायदा होऊ शकतो तेवढा उसाला होत नाही. म्हणजे राधानगरी-गगनबावड्याचा भात आणि करवीर-शिरोळचा ऊस एकाच हवेत वेगवेगळे वागणार. वर्गात निम्मी पोरं ऊसवाल्यांची, सगळी वह्या काढून लिहायला लागली. तिथून विषय पाचट जाळण्यावर गेला, मग जास्त पाणी पाजून क्षारपड झालेल्या शिरोळच्या जमिनींवर, एकाने स्वतःच्या रानाचा फोटो दाखवला, वरती पांढरा थर. खालचं पाणी वर चढतं, वाफ होऊन जातं आणि मीठ मागं ठेवतं. तो म्हणाला आज्जाच्या वेळी तिथं शाळू पिकत होता.

सप्टेंबरच्या शेवटी मसाई पठारावर गेलो, एकच फिल्ड ट्रिप झाली. वर जांभा, माती बोटभर पण नाही, आणि त्यात निळी-जांभळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद ही फुलं पसरलेली. सीतेच्या आसवांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यात ती पाण्यातले बारके जीव ओढून घेतात, कारण जांभ्यात नत्र नसल्यासारखंच. जांभा कसा होतो तर आपल्याच काळ्या कातळातून, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातलं बाकी सगळं पावसाने धुवून नेलं आणि लोखंड-ऍल्युमिनियम उरलं. त्याच कातळाची खाली काळी माती होते जी भिजली की फुगते आणि वाळली की फाटते, म्हणून नुसत्या काळ्या मातीची मूर्ती होत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं पण कारण माहीत नव्हतं. ऊन-पावसात कातळ झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पण हळूहळू खातो, लाखो वर्षांच्या हिशोबाने, हे ऐकून मी बराच वेळ त्या दगडावर हात ठेवून बसलो.

प्रोजेक्ट मी आमच्या धंद्यावरच घेतला. घरी आधी वाद झाला, पप्पा म्हणाले, "आपल्याच पोटावर पाय आणायचा काय?" कारण आमच्याकडं दोन्ही होतं, प्लास्टर जास्त, शाडू कमी. मी म्हटलं नुसतं मोजतो, कुणाला काही सांगत नाही. सहा-सहा इंचाच्या दोन मूर्ती, बिनरंगाच्या, दोन बादल्यांत ठेवल्या. शाडूची रात्रीत बसली, सकाळी बादलीत गाळ. प्लास्टरची महिनाभराने पण नाक-डोळे ओळखू येतील अशी, कडा तेवढ्या मऊ झालेल्या. प्लास्टर म्हणजे जिप्सम साधारण दीडशे डिग्रीला भाजून त्यातलं पाणी काढलेलं, परत पाणी मिळालं की ते परत जिप्सम होतं, आणि जिप्सम एका लिटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे पाच किलोची एक मूर्ती पूर्ण विरघळायला दोन हजार लिटर कोरं पाणी पाहिजे. आता विसर्जनाला इराणी खणीत किती मूर्ती जातात ते आपण बघतो, आणि खणीचं पाणी वाहतं नाही. नदीत न टाकता खणीत टाकणं बरोबरच आहे, नदी वाचते, पण जिप्सम तिथंच बसलेलं असतं. पुण्याच्या एनसीएल या रसायन प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची रीत काढलीये, बादलीत मूर्ती विरघळते आणि उरलेलं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडाला चालतं, तिसऱ्या बादलीत मी ते पण केलं, वास येतो पण होतं.

शाडूची बाजू पण मी तेवढीच लिहिली, कारण कुंभाराला ती दिसते आणि बाहेरच्याला दिसत नाही. शाडू गुजरातवरून ट्रकने येतो. मूर्ती जड होते, आषाढात वाळत नाही, दमट हवेत बुरा धरतो, वाळताना तडा जातो, प्लास्टरच्या मूर्तीला जेवढा वेळ लागतो त्याच्या काही पटीने वेळ लागतो, आणि पूर आला की आमच्या खालच्या फळ्यांसारखं होतं. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२० ला प्लास्टरला नको म्हटलं, ते नदीच्या बाजूने बरोबर आहे, पण जो मूर्ती करतो त्याला कोरडी जागा, पुराच्या वरची जागा आणि आगाऊ ऑर्डर लागते. मी हे सगळं आकड्यांत मांडलं, मजुरी, तूट, वाहतूक, आणि मॅडमनी संपूर्ण वर्गासमोर वाचायला लावलं. पप्पा त्या दिवशी कॉलेजात आले होते, शेवटच्या बाकावर बसून ऐकलं.

आता तक्रारी. परीक्षा या कोर्सच्या लायकीची नाही. सेमिस्टरभर पाणी मोजलं, आलेख काढले, भांडलो, आणि पेपरात काय तर परिसंस्थेची व्याख्या लिहा, ओझोन थरावर टीप लिहा, जोड्या लावा. ज्याने एक पण शनिवार हजर राहिला नाही त्याला गाईड वाचून माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मला मार्कांचं वाईट वाटलं नाही एवढं त्या बाटल्यांचं वाटलं. प्रोजेक्टला मार्क अगदी थोडे, आणि त्यात पण फाइलचं कव्हर, इंडेक्स यालाच वेगळे.

पुस्तक नेमलेलं आहे ते इंग्लिशमध्ये, आणि सगळी उदाहरणं बाहेरची, ध्रुवीय अस्वल, ऍमेझॉन, कॅलिफोर्नियाचे वणवे. ती पण माहीत पाहिजेत, पण युनेस्कोच्या जागतिक वारशात २०१२ पासून असलेलं राधानगरी अभयारण्य आपल्यापासून दोन तासांवर आणि त्याचा पुस्तकात एक शब्द नाही. त्याच अभयारण्यातल्या दाजीपूरची ट्रिप बोर्डावर लागली आणि गाडीचे पैसे मंजूर नाहीत म्हणून रद्द झाली. आम्ही वर्गणी काढतो म्हटलं तरी परवानगी मिळाली नाही. लॅबमध्ये साठ पोरांत ऑक्सिजन मोजायचं सामान एकच चालू, त्यामुळं मागच्या बाकावरच्यांनी नुसतं बघितलं. मराठीत शिकवलं तरी नोट्स मराठीत नाहीत, ज्यांचं बारावीपर्यंत मराठी माध्यम आहे त्यांनी पहिल्या महिन्यात वही नीट ठेवा, मी माझी देईन.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मॅडम सीएचबीवर होत्या. तासावर पगार, तो पण वेळेवर नाही, रंकाळ्याच्या त्या सकाळचे आणि पठाराच्या दिवसाचे तास धरलेच नाहीत असं नंतर कळलं. केमिकलच्या काही बाटल्या त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलेल्या. या वर्षीच्या टाइमटेबलवर त्यांचं नाव नाही. दुसरे कोणी चांगलेच असतील, मी त्यांना ओळखत नाही म्हणून वाईट बोलणार नाही, पण नुसतं पुस्तक वाचून दाखवणार असतील तर हा कोर्स तुमच्यासाठी पण ईव्हीएससारखाच होईल. म्हणून सुरुवातीला म्हटलं की आधी विचारा. आणि कोणीही असलं तरी पहिल्याच आठवड्यात पाच-सहा जणांनी मिळून सांगा की शनिवार पाहिजे, रंकाळा पाहिजे, मोजायचं आहे. मागितलं तर मिळतं, आमच्या बॅचला पठार तसंच मिळालं.

कोणी घ्यावा, तर शेतकऱ्यांच्या पोरांनी नक्की, पूररेषेत घर असलेल्यांनी नक्की, बांधकामात जाणाऱ्या पोरांनी तर घ्यायलाच पाहिजे. ज्याला फक्त क्रेडिट पाहिजेत त्याने दुसरं काहीतरी घ्या, शनिवारी जागा अडवू नका. गणित घाबरण्यासारखं नाही, टक्केवारी आणि आलेख जमला की झालं. पाचपैकी कोर्सला चार, परीक्षेला एक, मॅडमना मी मार्क देणारा कोण.

आमच्या कारखान्यात या वर्षी उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. २०१९ चं आणि २०२१ चं पाणी भिंतीवर जिथवर आलेलं तिथं आबांनी खिळा मारून ठेवला होता, पप्पांनी शाडूच्या फळ्या त्याच्या दीड फूट वर घेतल्या, आणि शाडूची पोती गेल्या वर्षीपेक्षा जास्त मागवली, किती ते मला विचारून ठरवलं. जुलै लागल्यापासून मी रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि गगनबावड्याचा पाऊस वहीत लिहितो. परीक्षा झाली तरी ते सुटलं नाही. पप्पा चहाला बसले की आधी विचारतात, "किती फूट?" आणि त्यानंतर, "वर घाटात काय?"